कंसातली डिग्री

माझ्या नातीच्या लग्नाच्या दोन वेगवेगळ्या पत्रिका निघाल्या, एक त्यांची आणि एक आमची. आमची पत्रिका बिघडली ती छापणाऱ्याच्या चुकीनं नव्हे. मी ती मुद्दाम बिघडवून घेतली. भावकीत अजून म्हणतात, म्हातारी चौथी शिकलेली, तिला काय कळतंय. म्हणून हे लिहून ठेवते.

नात परभणीला वसतिगृहात राहून गृहविज्ञानात एम.एस्सी. झाली. कोणत्या आजाराच्या माणसानं काय खावं, हा तिचा खास विषय. सोलापूरच्या एका दवाखान्यात तिला तसलीच नोकरी लागत होती. तेवढ्यात तामलवाडीकडचं स्थळ आलं. तिथून सोलापूर जवळ, रोज जाऊन येता येईल, म्हणून पोरीनं होकार दिला. मुलगा इंजिनिअर होता म्हणून नव्हे.

सुपारी फोडायला पाहुणे आमच्या गावी, वाशीला, घरी आले. मुलाचे वडील हायस्कुलात विज्ञानाचे शिक्षक, मामा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्या घरात माणसाआधी विषय विचारतात. मामांनी नातीला विषय विचारला आणि तिनं सांगितला. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे भाकरी गोल कशी करायची, त्याचं एम.एस्सी. म्हणा की. आमच्या आईनं ही डिग्री चुलीपुढं बसूनच काढली."

बैठकीतले सगळे पुरुष हसले. माझा मुलगाही हसला, पोरीचा बाप असून. मुलाची आई हसली नाही, पण तिनं त्याहून वाईट केलं. ती म्हणाली, असल्या विषयाला नोकरी कोण देतंय, आणि दिली तरी गरज काय, शिकलेलं घरातच वापरता येईल.

पाहुणे गेल्यावर नात माझ्याजवळ येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "आज्जी, मी शिकले त्याला हे लोक शिक्षणच म्हणत न्हाईत. मग नोकरीला कशे सोडतील?"

मी तिची समजूत काढली नाही. तिचं बरोबर होतं.

सगळे विषय सारखे असतात असं मी म्हणत नाही. कशाला म्हणू? मला रसायन कळत नाही. पण न कळणाऱ्या गोष्टीला हसायची सवय मला नाही, आणि त्या मामांना होती. आमच्या शाळेत गुरुजी पोरांना गणितं घालायचे आणि पोरींना वर्ग सारवायला लावायचे. पुढं जन्मभर पाहिलं, बाईनं केलं की ते काम, पुरुषानं केलं की ते ज्ञान. लग्नातल्या आचाऱ्याला फेटा बांधतात. घरात रांधणारीला मीठ कमी पडलं तेवढं सांगतात. मामा जे हसले ते विषयाला नव्हे, तो कुणाचा विषय आहे त्याला हसले. हे मला तिथंच कळलं आणि मी ते गाठीला बांधून ठेवलं.

मग त्यांची पत्रिका आली. मुलाच्या नावापुढं कंसात बी.ई. मेकॅनिकल. वडिलांच्या नावाला सर. मामांच्या नावाआधी प्रा. डॉ. आणि खाली सबंध एक ओळ, रसायनशास्त्र विभागप्रमुख. माझ्या नातीचं नाव मात्र उघडं, पुढं काहीच नाही. माझ्या मुलानं फोन करून विचारलं तर मामा म्हणाले, जागा पुरली नाही, आणि लोक उगीच विचारत बसतील, हा कसला विषय म्हणून. मुलगा "बरं बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

आमची पत्रिका छापायची राहिली होती. मी मुलाला सांगितलं, प्रेसमध्ये मी जाते. त्याला वाटलं, म्हातारीला हौस आहे.

प्रेसवाल्याच्या कॉम्प्युटरवर मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. नातीच्या नावापुढं कंसात एम.एस्सी. गृहविज्ञान, चांगलं ठळक. आमच्याकडचा सोसायटीचा चेअरमन, ग्रामपंचायतीचा सदस्य, झाडून सगळ्यांचे हुद्दे ठेवले. त्यांच्याकडचं सगळं काढलं. बी.ई. काढलं, सर काढलं, प्रा. काढलं, डॉ. काढलं.

प्रेसवाला म्हणाला, "आजी, पोराकडचे चिडतील."

मी म्हणाले, "चिडावं म्हणूनच छापतेय."

पहिली पत्रिका तुळजापूरला देवीपुढं ठेवली. परत वाशीला आले नाही, तशीच पुढं तामलवाडीला गेले. मुलाच्या भावकीत घरोघर कुंकू लावून पत्रिका दिल्या. मुलाचे वडील ज्या हायस्कुलात शिकवतात तिथं गेले आणि मास्तरांच्या खोलीत प्रत्येकाच्या हातात एकेक दिली. तिथल्या एका बाईंनी पत्रिका वाचली आणि तोंडाला पदर लावला. तिथंच माझे पैसे फिटले.

त्याच आठवड्यात गाडी दारात आली. मुलाचे वडील, आई आणि मामा. माझा मुलगा लगबगीनं सतरंजी अंथरायला लागला. मामा उभ्यानंच म्हणाले की पीएच.डी.ला किती वर्षं घालवली, आणि ती अशी पुसून टाकली, कॉलेजात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. ही चूक कुणाची?

मी म्हणाले, "चूक न्हाय, पाहुणं. जागा पुरली न्हाय."

मुलाचे वडील खाली बसले. त्यांना कळलं. शिक्षक माणूस, वाईट नव्हता, पण मेहुण्यापुढं बोलायचा नाही. मुलाची आई म्हणाली, एवढ्या तेवढ्यासाठी सोयरीक मोडायची का. माझा मुलगा मला "आई, पुरे कर आता" म्हणाला. मी पुरे केलं नसतं, पण तेवढ्यात नात बाहेर आली.

ती म्हणाली, "पत्रिकेत काय छापायचं ते छापा. मी नोकरीला जाणार का न्हाय, एवढं सगळ्यांसमोर सांगा. त्यांना फोन लावा."

नवरा मुलगा कामासाठी पुण्याला गेला होता. फोन लावून मधे ठेवला. तो म्हणाला, "जाईल की. मी कवा न्हाय म्हणलो?"

"तुम्ही व्हय बी म्हणला न्हाईत," नात म्हणाली. "आता म्हणा."

मग तो म्हणाला, "व्हय. जाशील. आई, ऐकलंस का?"

आईनं ऐकलं. पोरीचं काम झालं होतं, ती आत निघून गेली. माझं राहिलं होतं. मी म्हणाले, तुमची पत्रिका परत छापा, विषयाचं नाव पुरतं लिहा, आणि ती मामांनी स्वतः नेऊन द्या, पहिली जिथं जिथं दिली त्या प्रत्येक घरी. मामा म्हणाले, पोरांकरवी पाठवतो. मी म्हणाले, न्हाय, तुम्ही. मुलाच्या वडिलांनी त्या दिवशी पहिल्यांदा मेहुण्याला सुनावलं, "जा बाबा तू."

मामा गेले, भर उन्हात. लोक विचारायचे, सर, पत्रिका परवाच दिली होती की. मग त्यांना सांगावं लागायचं, पोरीची डिग्री राहिली होती. कसली डिग्री, म्हणून पुढचा प्रश्न यायचाच, आणि मामांना गृहविज्ञान हा शब्द पुन्हा तोंडानं म्हणावा लागायचा. माझी एक लांबची भाची तिकडं दिलेली आहे, ती मला रोज कळवायची. त्यांच्या कॉलेजातले एक जुने सर त्यांनी गाळले होते. मी निरोप धाडला. तिथंही गेले.

लग्न झालं. नात सकाळच्या एसटीनं सोलापूरला जाते. सासू कुरकुरते, पण गाडीची वेळ झाली की डबा हातात देते. मला तेवढं बास आहे, तिच्याकडून.

मामांचं वेगळं. परवा एका जावळाच्या कार्यक्रमाला भेटले. पाया पडले, शेजारी बसले आणि म्हणाले, "मावशी, मनातलं गेलं का न्हाय अजून?"

मी म्हणाले, "न्हाय."

त्यांना वाटलं मी थट्टा करते, ते हसले. मी पानातली पोळी मोडली आणि जेवायला लागले.