आज आरतीचा नंबर होता

मंडळी, आज चितेगावच्या शाळेतून मायक्रोस्कोप परत आणला. मी काम करते त्या विज्ञान प्रकल्पाचं सरकारी अनुदान बंद झालं, आणि अनुदानातून घेतलेली वस्तू विद्यापीठात जमा करावी लागते.

शाळेत तो एकच, म्हणून मुलं नंबर लावून बघायची. मी पेटीला सील लावलं, तेवढ्यात सातवीतली आरती ओल्या रुमालात कांद्याचा पापुद्रा घेऊन आली.

“ताई, आज माझा नंबर हाय ना?”

दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आईनं घरीच शिकवलेलं. सील तोडायला हात धजेना.

शेवटी तीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या ताई, पुढच्या येळी बघीन.”

पुढची वेळ नाही, हे मला सांगता आलं नाही. खरं सांगा, तुम्ही सील तोडलं असतं का?