शोकसभेतला कादंबरीकार

दादरला कुणा लेखकाची शोकसभा असली की बातमीसाठी मी शेवटच्या रांगेत असे आणि तो कादंबरीकार पहिल्या. माईक हाती आला की डोळे मिटून तो सांगे, "यांनीच मला लिहितं केलं." दर वेळी दिवंगत तेवढा वेगळा.

एकदा सभा संपल्यावर त्याने एका वयोवृद्ध लेखिकेला दारात अडवलं. "बाई, माझी खरी प्रेरणा तुम्हीच. नव्या कादंबरीच्या मलपृष्ठासाठी दोन ओळी द्या ना."

"घाई कसली रे? माझ्या शोकसभेत बोलशीलच की."

"तोवर पुस्तक छापून होईल, बाई," तो कळवळून म्हणाला.

बाईंनी पेन मागितलं. पुस्तक आलं तेव्हा मलपृष्ठावर त्याने त्यांची ओळ अभिमानाने, ठळक अक्षरांत छापली होती: "या लेखकाने मला जिवंतपणीच गाठले, याचे विशेष कौतुक वाटते."