वईवरचा हात

"डोळ्यांनी काय बघतेस गो, चाचपून बघ," असं म्हणत शेजारचे काका वईवरून हात फिरवत पुढे सरकायचे. नव्वदच्या दशकात पोलादपूरला आमची आणि त्यांची परसं लागून होती. मध्ये काट्याकुट्यांची वई, म्हणजे कुंपण, आणि तिच्यावर काकांचे वेल. आमच्या बाजूला लोंबेल ते आमचं, असा कायदा त्यांनीच केला होता आणि तो पाळायचेही.

पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात, तुम्हाला ठाऊक असेल. काका बोटभर पडवळालाही बांधायचे. "बिचाऱ्याला फाशी देताय का?" मी चिडवायचे. मग एकदा माझ्या वाळत घातलेल्या हिरव्या साडीवर त्यांना कीड शोधताना पाहिलं आणि माझं हसू आटलं. काका हाताने आधी दगड शोधायचे, मग पडवळ.

दृष्टी गेलीच होती. महाडच्या डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितलं होतं. काकांनी मला बजावलं, "पोराला बोलू नको. कळलं तर मुंबईला नेऊन टाकील. तिथं वई हाय का?" घरात एकटेच, पण बिनचूक वावरायचे. वर्षातून एकदा येणाऱ्या मुलाला संशय येत नसे.

त्या पावसाळ्यात वई भलतीच माजली. पलीकडचा माणूस दिसेना. संध्याकाळी तिथले बेडूक मध्येच गप्प होत. एकदा मला वेलात सापाची कात सापडली. वेलावर लोंबकळणारा हिरवा, विषारी चापडा आमच्याकडे असतोच. "गडी लावून वई साफ करते," मी म्हटलं. काकांनी कात बोटांत चुरली. "ऋषिपंचमी होऊ दे," एवढंच म्हणाले.

ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून वईवरच्या भाज्यांचा मान. गणपतीला मुलगा आला होता. पंचमीच्या सकाळी मी भाजी न्यायला त्यांच्या परसात गेले, तेव्हा तो पडवीत दात घासत उभा होता आणि काका भाजी काढायला आले. मुलगा बघतोय म्हणून ते चाचपडले नाहीत. डोळस माणसासारखा त्यांनी थेट वर हात घातला. त्यांच्या हाताजवळच्या एका पडवळाला दगड नव्हता.

"काका, थांबा," मी ओरडले.

"दिसतंय मला," म्हणाले आणि त्यांनी ते धरलं.

जीप येईपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. मला त्यांचा भयंकर राग येत होता आणि रडूही.

"बाबा, एवढा साप दिसला नाय?" मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता.

"दिसला व्हता रे. हाकलायला गेलो. हिला विचार." त्यांनी बोट दाखवलं ते दाराच्या चौकटीकडे. मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.

मुलाने त्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत जाऊन तो बाबांचे कपडे पिशवीत भरू लागला. दवाखान्यात दोन जोड पुरले असते. त्याने सगळे घेतले.