देवामागचा तांबडा दिवा

घरात खाणारी चौघं आणि कमावती एक जुनी मोटार. वडील फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी ती लिलावात घेतली आणि पलूसच्या स्टँडवर भाड्याला लावली. आणीबाणीच्या आदल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला आणि स्टिअरिंग माझ्याकडं आलं. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. नोकरीचे अर्ज टाकायचे आणि भाडी मारायची. मोटार थांबली तर धाकट्या बहिणीचं कॉलेज थांबणार, हे आईनं स्पष्टच सांगितलं होतं.

नेमका तेव्हाच डॅशबोर्डवरचा, ऑइलचा दाब कमी झाला की लागणारा तांबडा दिवा लागायला लागला. लागायचा, विझायचा, परत लागायचा. मी गाडीचं पुस्तक उघडून बसलो. ऑइल बदललं, वायर बदलली, सांगलीहून दिव्याचा नवा स्विच आणून बसवला. रोज सकाळी बॉनेट उघडून बघावं तर ऑइल जरासं उतरलेलं, पण एवढं जुनी गाडी खातेच; बाकी सगळं ठीक. रस्त्याला लागलं की दिवा हजर. जेवताना, अंघोळ करताना तो डोळ्यांपुढं लुकलुकायचा. वडील ओट्यावरून म्हणायचे, "साहेब, गाडीला डिग्री दाखवून झाली आसंल तर दिवा लागंल तितंच थांबून बघ की." मला ते झोंबायचं. दिव्यातच खोट आहे, असं मी ठरवून टाकलं. पण प्रवासी दिवा बघून बिचकायचे, म्हणून पालीच्या खंडोबाचं चित्र आणलं आणि बरोबर दिव्यावर चिकटवलं. रोज नमस्कार करायचो. खरं सांगायचं तर देवाला मी झाकण म्हणून बसवलं होतं.

एके दिवशी खंबाटकीपलीकडच्या खंडाळ्याचं भाडं मिळालं. एक धनगर म्हातारी लेकीच्या गावी निघाली होती. सातारा मागं पडला तरी ती शेजारी बसून चातीवर लोकर कातत होती; गाडी बापाची, एवढं तिनं माझ्याकडून काढून घेतलं होतं. माझे कान मात्र इंजिनाकडं. खंबाटकीचा घाट समोर दिसायला लागला आणि तिची चाती थांबली. ती चित्राकडं बघत होती. कागदातून लाल उजेड झिरपत होता.

"आरं लेकरा, दिवा देवाम्होरं लावत्यात. तू त्यो पाठीमागं का कोंडलायस?"

"खराब हाय त्यो, आजी."

"व्हय? मग झाकलास कशापायी?"

पाय आपोआप ब्रेकवर गेला. इंजिन बंद करून मी बॉनेट उघडलं. तापलेल्या इंजिनावर ऑइलच्या नळीचा सांधा अजून गळत होता. नट सोडून बघितलं तर आतली तांब्याची चकती चिरलेली. गार असताना ती चीर मिटून जायची, तापली की उघडायची. मी मात्र रोज गार इंजिनातच खोट शोधत होतो. तसाच घाट चढलो असतो तर इंजिन जाम होऊन कायमचं बसलं असतं.

मी डोकं धरून बसलो. म्हातारी म्हणाली, "रडतुस काय गड्या, दोरा घे की." तिनं नुकत्याच कातलेल्या दोऱ्याला डिकीतला हात धुवायचा साबण चोळून मी सांध्यावर वेढे दिले, नट आवळला आणि डिकीतल्या डब्यातलं ऑइल ओतलं. इंजिन सुरू केलं. दिवा विझला. चित्र मी हळूच सोडवून बाजूला लावलं. घाट चढेपर्यंत ती परत चाती फिरवत होती. खंडाळ्यात उतरताना एवढंच म्हणाली, "बापाला सांग, गाडी लय गुणाची हाय."

ते चित्र आणायला मीच गेलो होतो आणि त्याच्यामागं काय आहे ते दाखवणारी बाई नेमकी घाटाच्या दिवशी शेजारी बसली. यात कोणाची योजना होती, याचा हिशोब माझ्या फिजिक्सला मांडता आला नाही. मांडायची गरजही उरली नाही. शरण जायचं म्हणजे देवापुढं काही झाकायचं नाही, एवढं मला कळलं. घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं, स्वतःची लबाडीसुद्धा. ते हसले आणि डाव्या हातानं माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी नवी चकती बसवली. त्याच इंजिनावर घर चाललं आणि धाकटी बी.ए. झाली.