दोन डोक्यांचा टोप

आमच्या कोरियातल्या गुन्सानच्या मासळीबाजारामागच्या गल्लीत प्यो जेदक नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा आहे. दुरुस्ती कमी, तोंडच जास्त. पंखा घेऊन गेलात तर आधी शिकवणी घेणार, "व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, आणि गुणलं की वॉट! यात अवघड काय आहे?" अवघड काही नाही रे बाबा, पंखा दे!

पण त्याला एक गोष्ट काही दुरुस्त करता येईना. त्याची आई आणि हेनाम गावाहून लग्न होऊन आलेली, म्हणून सगळ्यांची हेनामवाली, या दोघी जन्माच्या मैत्रिणी. दर हिवाळ्यात एकत्र बसून वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या. एका वर्षी हेनामवालीने कोबीचं पान चाखलं आणि चार बायकांत म्हणाली, "समुद्रात काही मीठ शिल्लक ठेवलंस की नाही?" झालं! तेव्हापासून अबोला. जेदकची आई एकटीच कोबी धुवायची, एकटीच जेवायची, अर्धा भात ताटात टाकून उठायची. जेदक माझ्याकडे येऊन रडकुंडीला यायचा, "मालसुनताई, आई वाळत चाललीय गं."

त्यातच गल्लीतली वीज एकशे दहा व्होल्टची दोनशे वीस झाली आणि मी नेमकं तेव्हाच केस कुरळे करायचं दुकान थाटलं. डोक्यावर चढवून केस तापवायचे दोन टोप घेतले, जुने, एकशे दहाचे. त्यांची पिन चपटी, नवीन भोकं गोल. मग काय, मी बाजारातून 'डुकराचं नाक' आणलं. दोन भोकांच्या त्या जोडपिनेला आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. लावलं, बटण दाबलं, आणि टोपातून करपट वास सुटला, आतला टॉवेल पिवळा पडला.

जेदक धावत आला, पिन उपटली. "डुकराचं नाक लावल्याने वीज बदलते होय? नाक फक्त आकार बदलतं!"

"दुप्पटच तर झाली ना वीज? थोडं जास्त तापेल, एवढंच."

"दुप्पट? अगं, चौपट!" त्याने माझी भुवयांची पेन्सिल उचलली आणि सरळ आरशावर लिहायला लागला. "हा टोप एकशे दहावर पाच अँपिअर खातो. भाग. बावीस ओहम. गुण. साडेपाचशे वॉट. आता रोध तोच, बावीस. व्होल्ट दोनशे वीस. म्हणजे दहा अँपिअर. गुण पाहू!"

"बावीसशे," मी म्हणाले. बाईचं डोकं भाजलं असतं की!

"आता दोन्ही टोप एकामागे एक जोडतो. बावीस आणि बावीस चव्वेचाळीस. पुन्हा पाचच अँपिअर. दोघांना एकशे दहा-एकशे दहा वाटून." मग बोट नाचवत म्हणाला, "पण एक बंद की दोन्ही बंद. आणि लक्षात ठेव, दोन्ही टोपांखाली डोकी हवीत. एका डोक्यावर चालवायचं नाही!"

मी बापडी मान डोलावून मोकळी झाले.

चुसॉकच्या सणाच्या आदल्या दिवशी हेनामवाली आली. मी तिच्या केसांना औषध लावलं, रोलर गुंडाळले, आणि बघते तर दुसरं गिऱ्हाईकच नाही. "काकू, दुसरं डोकं येईपर्यंत थांबावं लागेल हं."

तेवढ्यात जेदक आईला दंडाला धरून हजर!

"हिच्या शेजारी? मी नाही बसणार," आई म्हणाली.

"नको बसू दे. तसंही तिचं डोकं झाडूसारखंच शोभतं," हेनामवाली छताकडे बघत म्हणाली.

त्या झाडूच्या रागाने आई बसली. तिचेही रोलर गुंडाळले, दोघींवर टोप चढवले, घरघर सुरू झाली. थोड्या वेळाने आईला काय आठवलं कोण जाणे, कदाचित मीठच असेल. तिने आपल्या टोपाचं बटण खट्कन बंद केलं आणि उठली. दोन्ही टोप गार.

"अगं ए! बस खाली! माझं डोकं ओलं आहे!" हेनामवाली ओरडली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती थेट जेदकच्या आईशी बोलली होती. आई बसली, बटण दाबलं. टोपाखाली काही ऐकू येईना, म्हणून मग दोघी ओरडूनच बोलायला लागल्या.

"गुडघे कसे आहेत?" हेनामवालीने विचारलं.

"काय?"

"गुडघे गं!"

"मोडलेत!"

"माझेही! कोबी किती आणणारेस यंदा?"

"तू ये, मग ठरवू! पण मीठ मीच घालणार!"

सगळी गल्ली ऐकत होती. दारात जेदक उभा होता, आणि मेला चक्क डोळे पुसत होता.

पुढे हिवाळ्यात एकदा झाडताना माझ्याकडून दोन्ही बटणं दाबली गेली. दोन्ही टोप रिकामे, आणि मजेत तापतायत! मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. पेन्सिलीचा तो हिशेब मी पुसलाच नव्हता. व्होल्ट होते, अँपिअर होते, ओहम होते. डोकं कुठेच नव्हतं.

तशीच जेदकच्या दुकानात घुसले. "लबाडा! म्हणे दोन डोकी हवीत!"

"हळू बोल ना, ताई," तो खालमानेने हसला. "आई शेजारीच आहे. हल्ली दुसऱ्यांदा भात मागून घेते."

त्याला चार शिव्या हासडायच्या म्हणून गेले होते, त्या गिळून परत आले.

नव्या वर्षाच्या तोंडावर हेनामवाली एकटीच आली. "तिला सर्दी झालीय म्हणे. आज माझ्या एकटीचंच करून दे गं."

मी रोलर पुसत, अगदी चेहरा न हलवता म्हणाले, "नाही हो काकू, दोन डोकी लागतातच."

तिने एक उसासा सोडला, चपला पायात सरकवल्या, आणि सर्दीचा काढा उकळायला माझ्याच चुलीकडे वळली. "मग भांडं दे झाकणाचं. तिच्याकडे जाऊन बसते बरी होईपर्यंत."