मर्सीने न टाइप केलेलं प्रकरण

गास गावात पास्कल सर कुणाला भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, तुमचा जर्मन बरा आहे ना?" हा जर्मन म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा एक चिद्वादी, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी चैतन्य मानणारा, तत्त्वज्ञ. त्याचं नाव काढलं की सरांच्या बायकोचं, मर्सीचं, डोकं उठतं, म्हणून आपणही नको काढायला. पुढे त्याने जाडजूड ग्रंथ लिहिले, पण सरांना प्यारं त्याचं तरुणपण. लोकांच्या घरी मुलांना शिकवता शिकवता त्याने काही कागद खरडले होते, ते त्याच्या हयातीत छापलेसुद्धा गेले नाहीत. त्या कागदांचा अर्थ मराठीत लावता लावता सर शाळेतून रिटायर झाले, डोळे अधू झाले, आणि मर्सीची बोटं वाकडी झाली. कारण टाइप करायची ती.

मर्सीला जर्मन भाषा येत नव्हती, पण हा जर्मन तिला पाठ होता. आधीच्या कागदांत तो चिडलेला. धर्म म्हणजे वरून लादलेले नियम झाले की त्यातला जीव जातो, म्हणतो. पुढच्या कागदांत त्याचा सूर वेगळा. दुसऱ्याच्या आयुष्यावर घाव घालणारा स्वतःचंच आयुष्य तोडतो. कायदा शिक्षा देतो, पण तुटलेलं सांधत नाही. सांधतं ते प्रेम. सरांची सात प्रकरणं त्या आधीच्या कागदांवर लिहून झाली होती. आठवं, प्रेमाचं, अकरा वर्षं नुसतं 'जमत आलंय'.

अकराच का, ते मर्सीला पक्कं ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी सरांच्या धाकट्या भावाने, ऑस्करने, सामायिक विहिरीवर दुसरा पंप बसवला. सर कोर्टात गेले, जिंकले, आणि ऑस्करला पंप काढावा लागला. ऑस्करने रागाने विहिरीकडे पाठ फिरवली, आपल्या वाडीत बोअर मारली. तिला खारं पाणी लागलं आणि त्याची केळी करपली. तेव्हापासून मध्ये मेंदीचं कुंपण, आणि बोलणं बंद.

आता सरांच्या एकुलत्या लेकीचं, डायनाचं, लग्न ठरलं होतं. यांच्या भावकीत रीत अशी की घरच्या कर्त्याने स्वतः उंबरा चढून बोलवायचं. नुसती पत्रिका पाठवली, तर ती न बोलावल्यातच जमा. डायनाने तर बजावलंच होतं, "मला सायकल शिकवली ती ऑस्करकाकाने. काका नाही, तर लग्न नाही." आणि सरांनी काय करावं? पत्रिका पोस्टात टाकली. वीस पावलांवर घर, आणि पोस्टात!

"अगं, रीत म्हणजे मेलेला नियम," सर वर म्हणाले. "तो जर्मन नेमकं हेच सांगतो."

मर्सी कोलंबी सोलत बसली होती. तिने परात आपटली.

"त्या जर्मनाला पुढे करू नका! सात प्रकरणं याच बोटांनी बडवलीत मी. नियम मेला तर त्याच्या जागी काय यायला हवं, हे त्याने पुढे लिहून ठेवलंय. तुम्ही तिथेच वही मिटलीत. केस जिंकलात ना? मग सांधलं का काही? मला अर्थ सांगताय! अर्थ कळलाय तुम्हाला, चांगला झोंबलाय, म्हणून ते आठवं होत नाही!"

"हळू बोल, पलीकडे ऐकू जाईल."

"जाऊ दे! अकरा वर्षांत या घरातून त्या घरात काहीतरी जाऊ दे!" ती तशीच उठली आणि तिने कॉम्प्युटरवर फडकं टाकलं. "आठवं मी टाइप करायची नाही. ते तिकडे जाऊन लिहा."

 सरांनी चपला घातल्या. मर्सी कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

ऑस्कर ओटीवरच होता. "कशाला आलास, दादा? पत्रिका पोचली."

 जर्मनावर दोन दोन तास बोलणारे सर लहानपणच्या बोलीत एवढंच म्हणाले, "पानी दे रे."

"अकरा वर्षांनी तहान लागली होय?" ऑस्कर कडाडला. "विहीर तुझी ना? जा, तिकडे पी!"

पण पाण्याला नाही म्हणायची त्या घराची रीत नव्हती. तो आत गेला आणि तांब्या घेऊन आला. सरांनी एक घोट घेतला आणि ते थबकले.

"खारं लागलं?" ऑस्कर म्हणाला. "तुझ्या केसपासून माझी पोरं हेच पानी पितात."

सरांनी तांब्या खाली ठेवला नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि रिकामा तांब्या पुन्हा पुढे केला. "अजून दे."

मर्सीच्या मुठीत मेंदीची डहाळी मोडली. अकरा वर्षं ती नवऱ्यावर जळफळत होती. आत्ता मात्र तिला स्वतःचाच संताप आला. रोज सकाळी त्या विहिरीचं गोड पाणी तीच भरत होती, आणि एक हंडा कधी पलीकडे नेऊन दिला नव्हता.

ती विहिरीवर गेली, हंडा भरला आणि कमरेवर घेतला. फाटकापर्यंत जायचं तिला सुचलंच नाही. हातपाय ओरबाडून घेत ती कुंपणातूनच पलीकडे गेली.