सौदाद, वेल्टश्मेर्त्स आणि दाऊदभाई

आखातात दहा वर्षं काढली की दोन गोष्टी साठतात. खजुराचे डबे आणि ऑफिसचे किस्से. खजूर वाटून संपतात. हे किस्से मात्र घशाशीच राहतात.

मस्कतच्या आमच्या कन्सल्टन्सीत निम्मे इंजिनिअर युरोपातले. प्रत्येकाकडे उदासीसाठी घरचा खास शब्द!

पोर्तुगालचा पावलो चहा पिता पिता सुस्कारा सोडायचा, "सौदाद!" म्हणजे दुरावलेल्या माणसांची हुरहूर. "याचं भाषांतर होत नाही," हे वर अभिमानाने. मॅनेजर लगेच हळवा व्हायचा, "गो होम फॉर अ वीक, पावलो!"

*

जर्मन क्लाउसचा शब्द वेल्टश्मेर्त्स. जगाची अवस्था बघून होणारं दुःख.

एका जूनमध्ये तो मला हे समजावत होता. खिडकीबाहेर पंचेचाळीस डिग्रीत मजूर सळ्या बांधत होते. बोलता बोलता क्लाउसने पडदा ओढला.

"सॉरी, स्क्रीनवर ग्लेअर येतो!"

*

नागपूरहून आईचा फोन. तिने नातीला, म्हणजे माझ्या मुलीला, विचारलं, "करमतं का गं तिथं?"

मुलीने फोनवर हात ठेवला. "पप्पा, करमतं मीन्स?"

समजावायला गेलो, तर मलाच इंग्रजी सुचेना. म्हटलं, "यस म्हण."

"यस, आजी!"

आई खूश. दिवसभर सगळ्यांना सांगत सुटली, पोरगी रमली म्हणून.

*

दाऊदभाई आमचे ऑफिसचे ड्रायव्हर, मूळचे रत्नागिरीकडचे. एका सकाळी त्यांना गावाहून फोन आला. आई गेली.

रजेचा अर्ज घेऊन मी त्यांच्यासोबत एचआरकडे गेलो. "दुसरा ड्रायव्हर सुट्टीवर आहे. नेक्स्ट वीक, इन्शाल्ला!" एचआरवाला म्हणाला. माझं प्रमोशन त्याच्याच टेबलावर होतं. मी 'थँक यू' म्हणून बाहेर पडलो.

जनाजा दाऊदभाईंनी पार्किंगमध्ये, गाडीत बसून मोबाइलवर बघितला. दुपारी ड्यूटी लागली. पावलोला एअरपोर्टवर सोडायचं. त्याची रजा मंजूर झाली होती. ड्रॉइंगवर शेवटचं बोलायचं म्हणून मीही गाडीत बसलो.

पावलोला सकाळचं काहीच माहीत नव्हतं. वाटेत त्याने मला विचारलं, "सौदादला दाऊदच्या भाषेत काय म्हणतात?"

"काय विचारतो तो?" दाऊदभाईंनी आरशात बघितलं.

"घरच्या आठवणीने जीव तुटतो ना, त्याला तुमच्यात काय म्हणतात, विचारतोय."

दाऊदभाईंनी गिअर बदलला.

"त्याला सांगा, आमच्यात आधी एचआरला विचारतात. मग जीव तुटतो."